शमीम मॅडमचा अंदाज

शमीम मॅडम आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि वर्षातून एकदा टीव्हीवरच्या मालिकांचे पुरस्कार कोणाला मिळणार तेही सांगायच्या. ही दोन्ही कामं एकच बाई करते यावर सुरुवातीला माझा विश्वास बसला नव्हता. गणिताच्या तासाला त्यांच्या वर्गावरून जाताना आम्ही शिक्षकसुद्धा चपला न वाजवता जायचो.

रिसोड-केनवड रस्त्यावरच्या एका गावात आमची शाळा. मॅडम रिसोडहून काळीपिवळीने यायच्या. जीप कितीही भरलेली असो, ड्रायव्हरच्या शेजारची खिडकीकडची जागा त्यांची. ती कोणी त्यांच्यासाठी राखली होती असं नाही, पण तिथे बसायची कोणाची हिंमत नव्हती. अर्धी जीप त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेली असायची आणि ड्रायव्हर स्वतः त्यांच्या हातून गणितात दोनदा नापास झालेला. फिक्या रंगाचा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून घट्ट घेतलेली ओढणी आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत स्वतःचा डस्टर. शाळेचे डस्टर पुसतात कमी आणि धूळ जास्त उडवतात, असं त्यांचं म्हणणं. चहा बशीत ओतून प्यायच्या, आणि पिताना कोणी बोललं तर बशी संपेपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत.

मी मराठी शिकवायचो. मी रुजू झालो त्या वर्षी एका सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, "सर, यंदा नायिका कोण?" मला वाटलं, पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याबद्दल विचारतायत. मी पुस्तक उघडायला लागलो तसे आमचे मुख्याध्यापक गावंडे सर हसले. मग त्यांनी मला सगळा प्रकार समजावून सांगितला. एक वाहिनी दरवर्षी आपल्याच मालिकांना बक्षिसं द्यायची. सर्वोत्कृष्ट नायिका, सासू, जोडी, खलनायिका, कुटुंब. त्याच्या आधी स्टाफरूममध्ये प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा. ज्याचे सगळ्यात कमी बरोबर येतील त्याने सगळ्यांना कचोरी खिलवायची. आणि हा खेळ चालवायच्या शमीम मॅडम, तो परीक्षेसारखा.

मी एका नायिकेचं नाव घेतलं. मॅडमनी कारण विचारलं. मी म्हणालो, मला आवडते.

"आवडते हे उत्तर झालं. पायऱ्या कुठं आहेत?"

नुसत्या उत्तराला त्यांच्याकडे मार्क नव्हते, गणितातही नाही आणि इथेही नाही. त्यांच्या पायऱ्या मात्र ऐकण्यासारख्या असायच्या. जिची मालिका दोन महिन्यांत संपणार आहे तिला नायिकेचं बक्षीस मिळत नाही, निरोपाचं काहीतरी वेगळं मिळतं. सोहळ्याच्या जाहिरातीत जी सगळ्यात जास्त दिसते तिला बक्षीस असतंच असं नाही, कारण तिला नाचायला लावलेलं असतं आणि नाच हेच तिचं बक्षीस. वर्षभर जिच्या तोंडी मोठमोठे संवाद होते तिच्यापेक्षा जी गप्प राहून प्रसंग पेलते तिच्यावर त्यांची नजर असायची. पण तिला बक्षीस मिळेलच असं त्या म्हणायच्या नाहीत. मिळायला पाहिजे आणि मिळणार, हे दोन वेगळे हिशेब आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या सांगायच्या दुसरा, आणि सांगताना पहिला हिशेब मनात ठेवून किंचित उसासायच्या.

त्या चुकायच्याही. एका वर्षी तर जवळजवळ सगळंच चुकलं. दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरल्या त्या हातात कचोऱ्यांचा पुडा घेऊनच. मग स्टाफरूमच्या फळ्यासमोर उभं राहून आपण कुठल्या पायरीवर घसरलो ते त्यांनी आम्हाला सांगितलं. चुकल्याचं दुःख नव्हतं. चूक सापडल्याचा आनंद होता. गणिताचा पेपर परत देताना पोरांनाही त्या हेच सांगायच्या, की बेरीज चुकली तर रडू नका, कुठं चुकली ते शोधा, ती जागा आता आयुष्यभर तुमची झाली.

फक्त एका गोष्टीचा त्यांना मनापासून राग. हे सोहळे आधी होऊन जातात आणि टीव्हीवर नंतर दाखवतात. मधल्या दिवसांत विजेत्यांची नावं फोनवर फिरायला लागतात. एकदा गावंडे सरांचे सगळेच्या सगळे अंदाज बरोबर आले. सर मोठ्या खुशीत कचोरीची वाट पाहत बसले. मॅडमनी त्यांना एकेका नावाच्या पायऱ्या विचारल्या. तिसऱ्या नावाला सर खोकायला लागले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फुटलेल्या पेपरले मार्क नसतात, सर." त्या वर्षी कचोरी मुख्याध्यापकांनी आणली आणि दोन दिवस ते मॅडमशी जेवढ्यास तेवढं बोलले. तिसऱ्या दिवशी आपल्याच मुलाची गुणपत्रिका घेऊन त्यांच्यासमोर सल्ल्याला येऊन बसले.

या कडक बाईला मालिकांचा नाद लागला कुठून, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. काही कागदांवर सही हवी होती म्हणून एका संध्याकाळी मी रिसोडला त्यांच्या घरी गेलो. वडलांचं भांड्यांचं दुकान होतं, ते गेल्यावर भावाने सांभाळलेलं. वरच्या मजल्यावर मॅडम आणि त्यांची आई. मॅडमचं लग्न झालं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

अम्मींना दिसत नव्हतं. डोळे हळूहळू गेले होते. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या, चेहरा टीव्हीकडे. शेजारी खुर्चीवर मॅडम, आणि त्या अम्मींना टीव्ही सांगत होत्या. संवाद अम्मींना ऐकू येत होते. मॅडम सांगत होत्या ते फक्त दिसणारं. मोठी सून दारात उभी आहे. हातात ताट आहे. तिने ऐकलंय पण ऐकलं नाही असं दाखवतेय. धाकटीने पदर खोचला. मी आलो म्हणून त्या थांबल्या नाहीत, मला बोटाने बसायला सांगितलं.

टीव्हीवर कोणीतरी हुंदके द्यायला लागलं. अम्मींनी विचारलं, "अब कौन रोई?"

"छोटी बहू."

"सच्ची रोई?"

मॅडमनी क्षणभर पडद्याकडे निरखून पाहिलं. "नहीं अम्मी. आँख सूखी है."

अम्मी समाधानाने हसल्या, जणू त्यांना ते आधीच माहीत होतं.

जाहिराती लागल्यावर मॅडमनी कागदांवर सह्या केल्या आणि सांगितलं की आधी त्यांना स्वतःला मालिका अजिबात आवडायच्या नाहीत. पण अम्मीला सांगायचं तर नीट पाहावं लागतं. उगाच काहीबाही सांगितलं तर तिला आवाजावरून कळतं आणि ती रागावते. "पाहून पाहून मले माणसाचा चेहरा वाचता याले लागला, सर. वर्गातबी त्याचा उपयोग होते."

वर्गात तो उपयोग मी एकदा पाहिला होता. आमच्या शाळेत अंजू राठोड नावाची मुलगी होती. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची. आईवडील हंगामात ऊसतोडीला जायचे, म्हणून ती इथे मामाकडे राहून शिकत होती. गणितात बेताची, पण नकला करण्यात पटाईत. एकदा मॅडमना यायला उशीर झाला आणि अंजू फळ्यासमोर उभी राहून शमीम मॅडम झाली. ओढणी तशीच, मान तशीच, आवाज तसाच. वर्ग पोट धरून हसत होता आणि एकदम थांबला. मॅडम दारात उभ्या होत्या. मी शेजारच्या वर्गात होतो. ती शांतता मला भिंतीपलीकडे ऐकू आली म्हणून मी डोकावलो.

मॅडमनी अंजूला पुन्हा करायला लावलं. पोरगी रडकुंडीला आली, पण करू लागली. पूर्ण होईपर्यंत मॅडम हाताची घडी घालून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "आवाज बरोबर आहे. पण डस्टर मी डाव्या हातात धरते. तू उजव्यात धरला. नीट पाहत जाय." आणि फळ्याकडे वळून शिकवायला लागल्या. शिक्षा नाही, काही नाही. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात अंजूला नाटकात घ्या, असं मात्र त्यांनी मला बजावून सांगितलं.

अंजू पुढे कॉलेजला गेली, नाटकाचं शिक्षण घ्यायला मोठ्या शहरात गेली. इकडे वडलांनी तिचं लग्न जमवलं होतं. ती नाही म्हणाली आणि मुंबईला निघून गेली. त्या दिवसापासून वडील हरिचंद राठोड तिच्याशी बोलले नाहीत. आई लपूनछपून शेजारणीच्या फोनवर बोलायची. मग अंजू एका मालिकेत दिसू लागली, आणि तेही दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या बाईच्या भूमिकेत. तांड्यावरची माणसं वडलांना चिडवायची. त्यांनी घरात ती मालिका लावायची नाही असं सांगून टाकलं.

मधल्या काळात अम्मी गेल्या. शाळेत मॅडम दुसऱ्याच आठवड्यात रुजू झाल्या, डस्टर, बशी, सगळं पूर्वीसारखं. पण पुरस्कारांचे दिवस आले तरी त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. गावंडे सरांनी विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाल्या, की आता टीव्ही लावत नाही, पाहून सांगायचं कोणाला? ते वर्ष कचोरीशिवाय गेलं.

पुढच्या वर्षी नामांकनं जाहीर झाली आणि खलनायिकेच्या यादीत आमची अंजू होती. बातमी कळताच शाळेत पेढे वाटले गेले. रिसोडला चौकात तिचा मोठा फोटो लागला. ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं तेही ती आपल्या वर्गात होती असं सांगू लागले. स्टाफरूममध्ये खेळ आपोआप सुरू झाला, आणि पहिल्यांदाच सगळ्यांचं उत्तर एकच होतं. सगळ्यांनी अंजूचं नाव घेतलं. मॅडमनी काही दिवस मागितले. घरी जाऊन त्यांनी टीव्ही लावला, मागचे भाग फोनवर पाहिले. मग एका दुपारी चहाची बशी खाली ठेवून दुसऱ्याच नटीचं नाव घेतलं. त्याच वाहिनीवरच्या एका मालिकेत कपटी सासू करणारी, वयाने मोठी बाई.

खोलीत कोणाला ते आवडलं नाही. गावंडे सर म्हणाले, निदान आपल्या पोरीसाठी तरी. मॅडमनी विचारलं, "आपल्या पोरीले कोणी वाढीव मार्क देते काय?"

त्याच आठवड्यात अंजूचा फोन आला. मॅडम आवारातल्या कडुनिंबाखाली उभ्या राहून बोलल्या. मी जवळच होतो आणि फोनचा आवाज मोठा होता. इकडचं तिकडचं बोलून अंजूने विचारलंच, की मॅडम, मी जिंकणार का. मॅडम नाही म्हणाल्या. मग पायऱ्या सांगितल्या. तुझी भूमिका मध्येच दोन महिने गायब होती, त्या बाईंनी वर्षभर मालिका खांद्यावर नेली. आणि दवाखान्याच्या प्रसंगात तू चुकलीस. "डॉक्टर बातमी सांगाच्या आधीच तू रडली, पोरी. तुले माहीत होतं काय होणार ते. तू जे बाई झाली होती, तिले माहीत नव्हतं."

अंजू म्हणाली, की हे तिला तिथे कोणीच सांगितलं नव्हतं. आवाज रडवेला नव्हता. मोकळा झाल्यासारखा होता. सगळे तिला जिंकणारच म्हणत होते आणि हरले तर कोणाला तोंड दाखवू, या धास्तीने तिची झोप उडाली होती. शेवटी ती चाचरत म्हणाली, "मॅडम, बा पाहतीन काय तो कार्यक्रम? तुमी सांगाल काय त्याईले?"

मॅडमनी सांगते म्हटलं. नंतर सोहळा झाला, नावं फोनवर फिरू लागली. अंजूलाही निकाल ठाऊक होता, पण मॅडमना तिने कळवला नाही. फुटलेल्या पेपराबद्दलचं त्यांचं मत तिला माहीत होतं. गावंडे सरांनी नावं पाहिली असणार, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण शेवटपर्यंत ते आपल्या उत्तरावर, म्हणजे अंजूवर, ठाम राहिले. त्या वर्षीची कचोरी त्यांनी आपण होऊन आणली, पण ते नंतर.

ज्या रविवारी कार्यक्रम दाखवणार होते त्या दिवशी मॅडम आणि मी वाशिमवरून मानोऱ्याला एसटीने गेलो आणि तिथून तांड्यावर जीपने. हरिचंदभाऊ घरीच होते. उन्हाने रापलेला, ताठ माणूस. मॅडमचं त्यांनी आदराने स्वागत केलं, पाणी दिलं, पण कार्यक्रमाचं नाव काढताच म्हणाले की बायामाणसांनी पाहावं, माझी मनाई नाही, मी पाहणार नाही. घरात शेजारपाजारच्या बाया जमल्या. ऊन उतरलं, कार्यक्रम सुरू झाला. हरिचंदभाऊ बाहेर ओट्यावर घराकडे पाठ करून बसले.

मॅडमना आत खुर्ची दिली होती. त्या उठल्या आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या. एक नजर टीव्हीकडे, आणि बोलणं बाहेरच्या पाठमोऱ्या माणसाशी. आवाज वर्गातला नव्हता. रिसोडच्या वरच्या मजल्यावरचा होता.

"अंजू आली. हिरवी साडी नेसली. केस साधे बांधले, फूल नाही." मग थोड्या वेळाने, "दुसऱ्या रांगेत बसली. हसून राह्यली, पण हात मांडीवर घट्ट धरले." बाया आत कुजबुजत होत्या, मॅडम सांगत होत्या. कोणाकोणाचे आईवडील आले आहेत ते सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "तिच्या बाजूची खुर्ची खाली आहे. कोणीच नाही बसलं."

पाठ हलली नाही. पण हातातली विडी विझली होती आणि ती पुन्हा पेटवली गेली नाही.

खलनायिकेचं बक्षीस आलं. चारही जणींचे प्रसंग दाखवले. अंजूचा तोच दवाखान्याचा. नाव जाहीर झालं, मॅडम म्हणाल्या होत्या त्याच बाईंचं. आत बायांनी हळहळ केली, अंजूच्या आईने पदर तोंडाला लावला. बाहेरून पहिल्यांदा आवाज आला.

"काय करून राह्यली ते? रडते काय?"

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीने पुसायला घेतला. "मले नाही दिसत हो भाऊ. तुमीच पाहा."

त्यांना चांगलं दिसत होतं. मी शेजारीच होतो.

हरिचंदभाऊ उठले आणि दारात येऊन उभे राहिले. पडद्यावर अंजू सगळ्यांच्या आधी उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या बाई जवळून जाऊ लागल्या तशी ती वाकली, त्यांच्या पाया पडली. बाईंनी तिला उठवून जवळ घेतलं. तेवढंच, मग जाहिराती लागल्या. हरिचंदभाऊ जाहिरातीसुद्धा पाहत राहिले.

"ते बाई मोठी हाये काय? कामानं?"

"मोठी आहे," मॅडम म्हणाल्या. "आपल्या पोरीपेक्षा आज तरी मोठी आहे."

त्यांनी हातातली विझलेली विडी टाकून दिली. मग म्हणाले की मास्तरीणबाई, तिचा नंबर असेल तर लावून द्या. मॅडमनी लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते ओट्याच्या कडेला गेले. पलीकडून काय आलं ते आम्हाला कळलं नाही. मग हरिचंदभाऊंनी विचारलं, "बाजूची खुर्ची खाली काहून होती वं?"

उत्तर लांबलचक असावं. ते ऐकत राहिले, मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं. पुढच्या साली मले कळवजो."

परतीच्या जीपमध्ये, अंदाज बरोबर आल्याबद्दल मी मॅडमचं अभिनंदन केलं तर त्या म्हणाल्या, की अर्धाच बरोबर आला. तो माणूस दारापर्यंत येईल असं त्यांनी धरलं नव्हतं. ती पायरी कुठून आली ते त्यांना अजून समजलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना फार आनंद झालेला दिसत होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात कोणी रडू नये, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. कोणी रडलं नाही. गावंडे सर मात्र भाषण अर्धवट सोडून पाणी प्यायला गेले. मग अंजूची मालिका संपली. नव्या वर्षी तिला नामांकन नव्हतं, सोहळ्यातल्या एका नाचात ती होती, बऱ्याच जणींबरोबर. तरी तिने पास पाठवले. आईवडलांसाठी दोन आणि मॅडमसाठी एक.

मी त्यांना मुंबईच्या बसमध्ये बसवून द्यायला वाशिमला गेलो. हरिचंदभाऊंनी पांढराशुभ्र फेटा बांधला होता. अंजूची आई आपला ठेवणीतला, आरशांच्या भरतकामाचा घागरा घालून आली होती आणि गाडीच्या पायरीवर थबकली होती. झोपून जायची बस तिने कधी पाहिली नव्हती. तिला आणि हरिचंदभाऊंना खालची जागा मिळाली. मॅडमची वरची. मी कंडक्टरला बदलून देता का म्हणून विचारायला निघालो तर मॅडमनी मला थांबवलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि ती छोटीशी लोखंडी शिडी चढून वर गेल्या. साठीची बाई, चढताना स्वतःशीच हसत होती. तसं हसताना मी त्यांना शाळेत पाहिलं नव्हतं.

मी खाली उतरून उभा राहिलो. वरच्या खिडकीचा पडदा सरकला आणि मॅडमचा चेहरा काचेला लागला. त्या मला काहीतरी सांगत होत्या. काच बंद होती, इंजिन सुरू झालं होतं, एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी आपली समजल्यासारखी मान हलवली. मॅडमना ती मान ओळखता आली. त्यांनी बोटाने काचेवर टकटक केलं, आणि गाडी हलत असताना तेच वाक्य पुन्हा, एकेक शब्द सुटा करून, सावकाश सांगायला सुरुवात केली. या वेळी ओठांवरून पहिले दोन शब्द मला वाचता आले, "सर, यंदा..."